मागच्या सीटची पाठ

आप्पा, आईला माझ्या मोटरसायकलवर बसवून मावशीकडे न्यायचे होते आणि त्यासाठी तीन आठवडे मी मागच्या सीटला पाठ बसवत होते. गिऱ्हाइके तिला बॅकरेस्ट म्हणत. निपाणीतल्या तुमच्या सीट-गाद्यांच्या दुकानात तिला नुसते 'पाठ' म्हणत असत, आणि मीही अजून तेच म्हणते. तुम्ही जाऊन चौदा वर्षे झाली. या चौदा वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखे जे होते ते सगळे रागाचे होते, आणि गेलेल्या माणसावर रागावणे शिकल्यासवरल्या बाईला शोभत नाही अशी माझी समजूत होती. हातात पान्हा घेतल्यावर ती समजूत पहिल्याच संध्याकाळी गळून पडली. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही, हा या पत्राचा मोठा फायदा आहे.

आधी परिस्थिती सांगते. मावशी दोन वर्षांपूर्वी निपाणीपलीकडच्या तिच्या घरी परसात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून ती बाजेवरून उठलेली नाही. त्याआधी ती स्वतः बस पकडून इकडे बेळगावजवळ हिंडलग्याला आईला भेटायला येत असे. आई तिच्याकडे जाऊ शकत नव्हती. कारण तुम्हाला माहीत आहे. आईला बस लागते, कार लागते, चारही बाजूंनी बंद असलेले प्रत्येक वाहन लागते. लिंबू, आवळासुपारी, डॉक्टरांच्या गोळ्या, पुढची सीट, उघडी काच, सगळे करून झाले. तुमच्यामागे मी तिला निपाणीहून कायमची इकडे आणली तेव्हा वाटेत चार वेळा कार थांबवावी लागली होती. मावशी पडली तेव्हा आईला पुन्हा कारने नेले. मावशीच्या उंबऱ्यात पोहोचल्यावर आजारी बहिणीला पाणी पाजायचे सोडून आईच तिच्या शेजारच्या खाटेवर आडवी झाली, आणि परत आल्यावर दोन दिवस अन्न घेतले नाही. त्यानंतर तिने कारचे नाव टाकले. मावशी मात्र दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी तेच विचारते, "येतीस का न्हाय गं? का माझ्या मातीलाच येणार हाईस?" आई हसते, फोन ठेवते, आणि मग बराच वेळ ओट्याजवळ नुसती उभी राहते.

म्हणजे आईला हे जग उघड्या गाडीवरूनच पाहता येत होते, आप्पा, आणि ती गाडी तुमच्या ताब्यात होती. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडले, मग तसेच ठेवले.

मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होते तेव्हाचे आठवते. महिन्यातून एकदा तुम्ही रेक्झिन आणि फोम घ्यायला यायचात आणि आई मागे बसून माझ्यासाठी भाकरी, शेंगांची चटणी, कधी धपाटे घेऊन यायची. निपाणी ते बेळगाव, जुना रस्ता, तवंदीचा घाट, ऊस वाहणाऱ्या गाड्या, आणि ती एका बाजूला पाय सोडून, एक हात तुमच्या खांद्यावर आणि एक हात सीटच्या कडीला. वसतिगृहाच्या फाटकाशी ती उतरते. डबा माझ्या हातात देते. मग फाटकाचा गज धरून, किंचित वाकून, काही न बोलता माझ्याकडे बघत उभी राहते. मला वाटायचे, आई मला डोळे भरून पाहते आहे. मैत्रिणींनाही मी तसेच सांगत असे. तिला सरळ होता येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. तुम्ही तेव्हा गाडीवरून न उतरता मागे वळून म्हणायचात, "चल, आटप, दुकानं बंद हुतील."

आणि स्वयंपाकघरातला तो दिवस. तुम्ही पाटावर बसून जेवत होता, मी वाढत होते, आई तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधत होती. ती पुरचुंडी कंबरेला लावत तिने विचारले, अगदी सहज विचारावे तसे, "अवो, सगळ्या गावाच्या गाड्यांना पाठी करून देतासा. आपल्या गाडीला बी एक लावा की." तुम्ही भाकरी मोडता मोडता हसलात. "तुला? तू तर आडवी बसतीस. आडव्या बसणाऱ्या बाईला पाठ लावायची कुठनं, हवेत?" आई म्हणाली, "ते तुम्ही बघा, कारागीर तुम्ही." तेव्हा तुम्ही ताट पुढे सरकवलेत. "लोकं म्हणतील मिस्त्रीनं बायकोला सिंहासन केलं. सवय कर. बसायची सवय झाली की पाठ दुखत न्हाय." आईने ती पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली. मी आमटी वाढली. त्या घरात मी आमटी वाढण्यापलीकडे काही केले नाही, याचाही राग मला आहे. पण तो माझा मी पाहून घेईन. निपाणी-चिकोडी पट्ट्यातले अर्धे तंबाखूवाले तुमच्या पाठीला टेकून फिरत होते, आणि तुमच्या मागे बसणारी एकटी बाई कशालाही न टेकता पंचवीस वर्षे फिरली. तिच्या मणक्यात आज जी झीज आहे ती त्यामुळेच झाली, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचे नाही हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. पण पुरावा नसला म्हणून राग येऊ नये, असा काही नियम नाही.

आता दुकानातला दिवस. तो तुम्ही विसरला असाल, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आले. सुट्टीला घरी आले होते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, एकोणीस वर्षांची. चिकोडीकडचे एक तंबाखूचे दलाल, रोज शेतोशेत हिंडणारे, त्यांच्या जड फटफटीला तुम्ही पुढच्या स्वाराची पाठ बसवून दिली होती आणि ते आठवड्याने तक्रार घेऊन आले होते. "सरी आगिल्ला री, मिस्त्री," ते आधी कानडीत म्हणाले, मग मराठीत. "बसलं न्हाय बगा. मान धरतीया." तुम्ही गाडी मेन स्टँडवर चढवलीत, स्वतः तिच्यावर बसलात, पाठ टेकलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "झकास बसलीया की. माझ्या पाठीला बसलं म्हंजे सगळ्यांच्या पाठीला बसलं." निपाणीत हे तुमचे प्रसिद्ध वाक्य होते. फूटपट्टी नाही, माप नाही. तुमची पाठ हेच माप. मी शिलाईच्या यंत्रावर रेक्झिनची कड मारत होते. तिथूनच म्हणाले, "आप्पा, स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतंय. गाडी खाली घेऊन त्यांनाच बसवून बघाय पाहिजे, कारण वजन पडल्यावर..." एवढेच. 'वजन पडल्यावर' इथपर्यंतच मी पोहोचले. तुम्ही डोळे उघडलेत. "ऐका," तुम्ही दलालांना म्हणालात, "आमच्या पोरीला दोन बुकं काय कळली, बापाला बसायला शिकवाय लागली." दुकानातले सगळे हसले. दलाल भला माणूस, म्हणाला, "हुशार हाय की वो पोरगी." तुम्ही म्हणालात, "हुशार हाय, पर पाठ बुकात नसती, अंगाला असती. पोरीनं सुई धरावी, पान्हा न्हाय." मग माझ्याकडे वळून, "जा, चहा सांगून ये."

मी चहा सांगायला गेले. समोरच्या टपरीवरून दुकान स्पष्ट दिसत होते. तुम्ही इकडेतिकडे पाहिलेत, फटफटी स्टँडवरून खाली घेतलीत, दलालांना तिच्यावर बसवलेत, दोन्ही पाय उचलून फूटरेस्टवर ठेवायला लावलेत, आणि पाठीचे बोल्ट सैल करून तिचा कल बदललात. मी चहा घेऊन आले तेव्हा दलाल म्हणत होते, "आत्ता कसं! काय केलंसा वो?" आणि तुम्ही हात पुसत म्हणालात, "अनुभव लागतो मालक."

तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही प्रत्येक पाठ त्याच रीतीने बसवलीत, गाडी खाली घेऊन, गिऱ्हाइकाला बसवून, आणि लोक तिला मिस्त्रींची पद्धत म्हणू लागले. डिप्लोमा झाला तेव्हा तुम्ही पान्ह्यांचा चांगला जर्मन संच माझ्यासाठी आणलात आणि तो आईच्या हातून पाठवलात. आई म्हणाली, "बघ, किती कौतुक हाय त्यांना." मला संच नको होता, आप्पा. त्या दलालासमोर एक वाक्य हवे होते. 'पोरगी बरोबर बोलली,' एवढेच, तीन शब्दांचे.

तेव्हा 'वजन पडल्यावर' याच्या पुढचे वाक्य मी आज पुरे करते. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून काय झाले. मला ते तुम्हाला सांगायचे आहे. वजन पडल्यावर मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि सीट मागच्या बाजूला कलते. म्हणजे स्टँडवर जी पाठ उभी वाटते तीच रस्त्यावर झुकलेली असते. माणूस तिला टेकायला मागे जातो, हँडल लांब पडते, रस्ता पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते, आणि चार-पाच मैलांत ती मान धरते. दलालांचे दुखणे मानेत दिसत होते. चूक स्टँडमध्ये होती. इतकी देखणी गोष्ट आहे ही! वर्गात मी ती फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना वर करतात. म्हणून पाठ लावताना गाडी जमिनीवर हवी, चाकांत नेहमीइतकी हवा हवी, ज्याच्यासाठी पाठ आहे तोच माणूस तिच्यावर हवा, आणि त्याच्या अंगावर रोजचे कपडे, डोक्याला हेल्मेट हवे. मग उंची पाहायची. पाठीची गादी कंबरेच्या बाकात भरली पाहिजे. तिची खालची कड पट्ट्याच्या जरा वर यावी आणि वरची कड खांद्याच्या फऱ्यांना ढकलू नये. उंची जमली की अंतर. ताठ बसल्यावर पाठ आणि गादी यांच्यात सपाट तळहात अलगद जावा. अजिबात जात नसेल तर गादी माणसाला पुढे लोटते आहे, मूठ जात असेल तर ती नुसती शोभेला आहे. कल सर्वांत शेवटी, आणि तोही थोडा थोडा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, खराब रस्त्यावरून चक्कर मारून यायची, बोल्ट पुन्हा आवळायचे आणि मगच दुसऱ्या गोष्टीला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली ते कधीच कळत नाही. झाले. हे सांगायला तीन मिनिटे लागतात. तुमच्या दुकानात मला तेवढी मिळाली नाहीत.

याच क्रमाने मी आईची पाठ बसवायला घेतली. डॉक्टरांना विचारले, त्यांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडापुढे धरून सांगितले की ताठ बसवा, दर अर्ध्या तासाने उतरवा, खड्डे टाळा आणि त्यांना जायचेच असेल तर न्या. एका बाजूला बसून इतका प्रवास नको, हेही त्यांनी बजावले. म्हणून आईला पंजाबी ड्रेस आणला. ती तो अंगाला लावून आरशात पाहत म्हणाली, "ह्या वयात मला कॉलेजात घालतीस व्हय गं?" पण घातला, वर पदराच्या सवयीने टॉवेल घेतला. मी तिला स्टुलावर बसवून टेपने कंबर मोजली, बाक मोजला, फऱ्यांची उंची मोजली, सगळे वहीत उतरवले. आणि पाठ लावण्याआधी एक काम मी कोणालाही न विचारता केले: मागची सीट उसवून तिच्यात तीन इंच फोम वाढवला. आपल्या दुकानाची तीच तर ख्याती. निपाणीत सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत उंच गादी मिस्त्रींची, तुम्ही गिऱ्हाइकाला चार बोटे दाखवून म्हणायचात, "एवढी जास्त घालतो." आईच्या हाडांना मऊ लागेल, असा विचार करायचीही मला गरज पडली नाही, हातांनी तो आधीच करून टाकला होता.

वहीतल्या मापांप्रमाणे पाठ लावली आणि चाचणीला आम्ही काकतीपर्यंत गेलो. हेल्मेट घातल्यावर आई म्हणाली, "डोक्यात घागर घातल्यागत वाटतंय." मी आरशातून पाहत होते, सावकाश चालवत होते, मनातल्या मनात तुम्हाला ऐकवत होते की हे पाहा, असे करतात. काकतीला सर्व्हिस रोडच्या कडेला एका चहाच्या गाड्यापाशी थांबलो. आई उतरली, आणि गाडीचा मागचा बार धरून, किंचित वाकून, काही न बोलता माझ्याकडे बघत उभी राहिली.

आप्पा, मी त्या क्षणी वसतिगृहाच्या फाटकाशी होते. मी विचारले, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय."

हे 'चांगलं हाय' मी ओळखते. तुम्हालाही ती पंचवीस वर्षे हेच सांगत आली. मी तिला बाकड्यावर बसवले, चहा हातात दिला आणि म्हणाले, "आई, खरं सांग. पाठ वर पाहिजे की खाली? मागं घेऊ?"

तिने चहा बशीत ओतला. "पाठीचं न्हाय गं. तुझी पाठ माझ्या पाठीला लागलीच न्हाय."

"लागली नाही?"

"पाय कुठं टेकत हुतं माझं? एवढी उंच गादी. पाय लोंबकळाय लागलं की मानूस पुढं घसरतंय. मी पुढं, तुझी पाठ मागं. समदा दणका ढुंगणावर." आणि मग, बशी फुंकत, काही विशेष सांगत नसल्यासारखी, "तुझ्या आप्पांच्या गाडीला बी तेच हुतं. पाय ठेवायची पट्टी खाली, गादी वर. टाच आयुष्यात कधी टेकली न्हाय माझी. त्यांना किती येळा म्हनलं, मला पाठ न्हाय लावलीसा तर ऱ्हाऊ द्या, गादी तेवढी काढा, मला खाली बसू द्या. तर म्हणायचं, गादीवाल्याची बायको कडक सीटवर बसली तर धंदा कसा चालंल?"

मी विचारले, "मग मला का नाही सांगितलंस? दोन आठवडे झाले."

"तू इचारलंस व्हय? टेप घिऊनच आलीस. स्टुलावर बसवलंस, हात वर कर म्हनलीस, श्वास सोड म्हनलीस. मला वाटलं, शिकलेली हाय, तिला ठावं असंल."

चहावाला हसू लपवायला पाठमोरा झाला. एखाद्या माणसाला खुर्चीत बसवताना आधी पाय टेकतात की नाही हे पाहतात. पाय टेकले की बैठक स्थिर होते, बैठक स्थिर झाली की मग पाठीला आधाराचा उपयोग. वर्कशॉपातल्या बाकांविषयी हे मी दरवर्षी शिकवते. आणि तुमच्या दुकानात त्या दिवशी जे अर्धे राहिले, जे पूर्ण सांगायला मी तीस वर्षे तडफडले, ज्याची तीन मिनिटे तुम्ही मला दिली नाहीत म्हणून मी वर इतके लिहिले, त्यातही पाय नाहीत. सुरुवात कंबरेपासून आहे. तुम्ही मात्र त्या दलालांचे दोन्ही पाय उचलून फूटरेस्टवर ठेवायला लावले होते. ते मी टपरीवरून पाहिले होते आणि त्याकडे लक्ष दिले नव्हते.

यामुळे तुम्ही सुटलात असे समजू नका. उलट माझा राग वाढला. गिऱ्हाइकाचे पाय कुठे टेकतात हे तुम्हाला कळत होते. आईने तोंडाने सांगितले, एकदा नव्हे अनेकदा, आणि मागितले काय, तर काहीतरी काढून टाका. नवे काही लावायलाही तिने सांगितले नव्हते. एक ब्लेड आणि अर्ध्या तासाचे काम. तुमच्या दुकानाची जाहिरात म्हणून ती अधांतरी पायांनी बसून राहिली. मी निदान अज्ञानाने चुकले, आप्पा. तुम्ही सगळे जाणून चुकलात.

घरी येऊन सीट उसवली. वाढवलेला तीन इंच फोम काढला, त्याखालचा मूळचाही एक इंच तासला, आणि या वेळी आईला शेजारी खुर्ची टाकून बसवले. "अजून काढ," ती म्हणायची. मी काढायची. तिने स्वतः बसून, दोन्ही टाचा दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "आता." बैठक खाली आणि मागे गेल्यामुळे पाठीची सगळी मापे बदलली, वहीतला एकही आकडा कामाला आला नाही. उंची दोन बोटे उतरवली, अंतर वाढवले, कल जवळजवळ उभा ठेवला. प्रत्येक बोल्टला हात लावण्यापूर्वी तिला विचारले. शेवटी तर ती वैतागली. "किती इचारशील गं? लगीन ठरवाय लागलीस का?"

पुढच्या रविवारी उन्हे चढण्याआधी निघालो. अर्ध्या अर्ध्या तासाने उतरत, घाटात सावकाश, निपाणीत तुमच्या दुकानासमोरून न थांबता. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. मावशीच्या दारात मी गाडी बंद केली, वळून पाहिले, तर आई पलीकडचा पाय सीटवरून काढून उतरलीसुद्धा होती. तिने कशालाही धरले नाही. हेल्मेट काढता येईना म्हणून तशीच घरात गेली.

बाजेवरून मावशीचा आवाज आला, "कोन गं ही पोरगी? कुनाची म्हणायची?"

"तुझ्या बाची," आई म्हणाली.

मग दोघी इतक्या हसल्या की मावशीच्या सुनेला पाणी घेऊन धावावे लागले. आई बाजेच्या कडेवर बसली, मावशीचे पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागली. दुपारपर्यंत दोघींनी कोण कोण गेले, कोणाची सून कशी निघाली, कोणाच्या शेतात कोणी बोअर मारली हे सगळे उरकले. मी उंबऱ्यात बसून होते. बोलता बोलता मावशी म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं कधी एवढं केलं असतं व्हय? लई ताठ मानूस." मी कान टवकारले. आई पाय चोळायची थांबली नाही. "तसं न्हाय आक्का," ती म्हणाली. "दर संक्रांतीला आणत हुतं की मला तुझ्याकडं. दुकान बंद करून. दुसऱ्या कुनाचा नवरा आणत हुता, सांग."

हे मी उंबऱ्यातून ऐकले, आणि मला तिथून उठून जावेसे वाटले. दर संक्रांतीला, आप्पा, त्या गादीवरून.

हे पत्र आईला वाचून दाखवायचे असे मी ठरवले होते, कारण ज्यांना ते लिहिले त्यांना ते पोहोचणार नाही आणि एवढे लिहिलेले कोणीतरी ऐकायला हवे होते. ती आत्ता बाहेर मावशीशी फोनवर बोलते आहे; पुढच्या रविवारी काय करून न्यायचे ते चालले आहे. मी तिला बोलावणार नाही. ती तुमची बाजू घेईल, आणि ती सांगू लागली की मला तिचे पटत जाते. एवढ्यात पटून घ्यायची माझी तयारी नाही.